आमच्या कुत्र्याची मोडलेली सोयरीक

आमच्या कुत्र्याचे आजोबा फौजेत सुभेदार होते, ही अफवा मीच उठवली. खरं म्हणजे मी त्याला कामठीहून शेअर ऑटोत बसून आणला, मांडीवर बिस्किटांचा खोका आणि खोक्यात तो. ज्या माणसाने दिला त्याचं घर छावणीच्या भिंतीला लागून होतं, एवढाच काय तो फौजेशी संबंध. पण माझी पिठाची चक्की आहे. दळण होईपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, मशीनच्या आवाजात साधं बोललेलं ऐकू जात नाही, सगळं ओरडूनच सांगावं लागतं. आणि घसा फोडायचाच म्हटल्यावर माणूस लहानसहान गोष्टीसाठी कशाला फोडेल? पहिल्या आठवड्यात ते आजोबा शिपाई होते. दिवाळीपर्यंत सुभेदार झाले. पुढे एकदा दूरच्या वस्तीतली एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या कुत्र्याच्या आबाले पदक भेटलं होतं म्हन्ते ना?" मी म्हणालो, "दोन."

कुत्रा लॅब्रेडोर, कोळशासारखा काळा. पण चक्कीच्या दारातच पसरायची सवय असल्याने दुपारपर्यंत पांढरा व्हायचा आणि संध्याकाळी अंग झटकून करडा. एका गिऱ्हाइकाची दोन वर्षं अशीच समजूत होती की माझ्याकडे तीन कुत्रे आहेत आणि ते पाळीने ड्युटी करतात. मी कशाला दुरुस्त करू?

त्याच्या दोन गोष्टींचा मला फार गर्व होता. एक म्हणजे त्याचं उठणं. सकाळी हाक मारली की हा आधी पुढचे पाय टेकायचा, मग जरा थांबून जगाकडे पाहायचा, आणि मग मागचा भाग सावकाश उचलायचा. मी सांगायचो, "नवाबी रक्त आहे, घाईत उठणं त्यांच्यात बसत नाही." दुसरी गोष्ट त्याचं धावणं. बाकी कुत्री मागचे पाय एकापाठोपाठ टाकतात; हा दोन्ही मिळून एकदम टाकायचा, टुण्ण टुण्ण. मी सांगत होतो की ही बिबट्याची झेप आहे, लाखात एखाद्याला जमते.

तो पाच वर्षांचा झाला तेव्हा एक म्हातारेसे गिऱ्हाईक ज्वारीचं दळण घ्यायला आले होते. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सहज म्हणाले, "दहा-बारा वर्षं जगते हे जात. आमचा बारा जगला." एवढं बोलून ते पैसे द्यायला वळले. मी बारातून पाच वजा केले आणि मशीन बंद केली. त्यांची ज्वारी अर्धीच दळून झाली होती. "लाइट गेली का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, डोक्यावर बल्ब लखलखत असताना.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली. मला याचं पिल्लू हवं होतं. दुसरं चांगलं कुत्रं नको, याचंच, हेच कान, हेच आळशी डोळे, दारातच आडवं पडून गिऱ्हाइकाला ओलांडायला लावणारं.

आणि स्थळ चालून आलं. गांधीबागेच्या बाजारात कापडाचा ठोक व्यापार असलेले एक सेठ आमच्याकडेच दळण पाठवत. त्यांच्याकडे लॅब्रेडोर कुत्री होती, तीन वर्षांची, तुपाच्या रंगाची, आणि सेठ-सेठाणी तिला सरळ "आमची पोरगी" म्हणत. स्वतःची दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी असल्याने घरचे सगळे लाड हिच्या वाट्याला आलेले. सेठ एक दिवस जातीने चक्कीवर आले, कुत्र्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "घरानं तं चांगलं दिसून राहिलं. आबा फौजेत होते म्हन्ते?"

"सुभेदार," मी म्हणालो.

"मंग करून टाकू. पिल्लं झाले की पह्यलं निवडून तुमचं. रिवाजच हाय तसा."

पाहण्याचा कार्यक्रम रविवारी त्यांच्या घरी झाला. आमच्या हिने कुत्र्याला अंघोळ घातली, सहा पाण्यांनंतरही त्यातून पीठ निघतच होतं. सेठाणींनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, केली होती. नवरदेवाने नवरीकडे ढुंकून पाहिलं नाही. टेबलावरची सांबारवडीची ताटली दोन घासांत संपवली आणि कढीच्या वाटीत तोंड घातलं. नवरी आली, तिने त्याचा कान धरून त्याला बाजूला केलं आणि उरलेली कढी स्वतः प्याली. सेठाणी खूश होऊन म्हणाल्या, "घ्या! पोरीनं पसंत केलं."

परत आलो तो मी जमिनीवर नव्हतोच. आठवडाभरात मी अकरा जणांना पिल्लं कबूल करून टाकली. एक शाळेच्या बाईंना, एक दूधवाल्याला, एक मेडिकलवाल्याला, दोन तर एकाच घरात. सुभेदाराचा पणतू म्हटल्यावर कोण नको म्हणतो?

आमची ही गणित शिकवायची, आता घरीच शिकवण्या घेते. तिने एवढंच विचारलं, "अहो, लग्नाआधी पोराले डॉक्टरले दाखवलं का?"

"त्याले काय झालं? घोडा आहे घोडा."

"घोडा असन तं घोड्याच्या डॉक्टरले दाखवा. पन दाखवा."

जनावरांच्या डॉक्टर एक तरुण बाई आहेत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांचा दवाखाना. मी आत शिरताच सगळी वंशावळ ऐकवली. त्यांनी ती सर्दीची लक्षणं ऐकावीत तशी ऐकली. मग म्हणाल्या, "रक्ताची तपासणी करू, दोघांचीही. मादीकडच्यांना सांगा. मोठ्या जातीचा आहे, म्हणजे खुब्यांचा एक्स-रे लागेल. आणि काका, पिल्लं आठ-दहा होतात. ती जाणार कुठे?"

"ठरलं सगळं! अकरा घरं तयार आहेत. लोक रांगेत उभे आहेत!"

"मग त्या अकरा जणांकडे जा आणि फक्त एक प्रश्न विचारा. तुम्ही गावाला गेलात तर त्याच्याकडे कोण पाहील?" त्या टेबलावरच्या कुत्र्याचे पाय चाचपडत होत्या. "हा धावतो कसा?"

माझा आवडता विषय निघाला. मी बिबट्याची झेप सांगितली, नुसती सांगितली नाही, दवाखान्यात दोन उड्या मारून करून दाखवली. बाहेर मांजर घेऊन बसलेल्या एक बाई आत डोकावल्या. डॉक्टर हसल्या नाहीत. "आणि सकाळी उठतो कसा?" मी नवाबीची गोष्ट सुरू केली. ती सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या लिहून घेत आहेत. माझी एखादी गोष्ट कोणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

एक्स-रेची वेळ तीन दिवसांनंतरची मिळाली. तोवर मी अकरा घरं फिरलो. शाळेच्या बाई म्हणाल्या, "काका, मले वाटलं तुमी गंमत करून राहिले." दूधवाला म्हणाला, "हाव म्हनलं होतं ना मी. तुमी गहू टाकत नव्हते मशीनमधी, हाव म्हनल्याबिगर." मेडिकलवाल्याला पिल्लू चालणार होतं पण मोठं होणारं नको होतं. ज्यांच्याकडे दोन द्यायची होती, त्यांच्या घरी दार उघडलं तर समोर फिशटँक. त्यांना मासे आवडतात म्हणे, कुत्र्याचं त्यांना भ्याव वाटतं. माझ्याकडे मात्र दोन वर्षं लाडाने बोलत होते कारण मी दळण बारीक देतो. अकरातून शेवटी एक घर उरलं, तेही "पाहू" म्हणणारं. घरी येऊन मी हिला सांगितलं की नऊ पक्की झाली.

"हं," ती म्हणाली आणि वहीतलं डोकं वर काढलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्या आकड्यांना कशाने भागायचं ते शिकली आहे.

एक्स-रेसाठी त्याला भूल द्यावी लागली. एवढं मोठं जनावर हातपाय सोडून टेबलावर पडलेलं मला पाहवेना, म्हणून मी बाहेर बसून त्या दिवशीही आलेल्या मांजरवाल्या बाईंना त्याच्या आजोबांच्या तिसऱ्या पदकाची गोष्ट सांगितली. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. उजेडाच्या काचेवर फिल्म लावलेली.

"हा मांडीच्या हाडाचा गोळा. हा खड्डा. गोळा खड्ड्यात खोल बसायला हवा, वाटीत चेंडू बसतो तसा. याचा पाहा, काठावर टेकलेला आहे. दोन्ही बाजूंनी. झीजही सुरू झाली आहे. म्हणून सकाळी उठायला वेळ लागतो. म्हणूनच मागचे पाय जोडून टाकतो, एकेका पायावर भार आला की दुखतं म्हणून."

"म्हणजे ती झेप..."

"दुखणं आहे ते, काका."

मी एवढ्या मोठ्याने गप्प बसलो की डॉक्टरांनी मला पाणी दिलं. चार वर्षं मी त्याचं दुखणं चौकाचौकात सांगून टाळ्या घेतल्या होत्या. ते भूल उतरत आलेलं ध्यान मला पाहून शेपूट आपटत होतं, एकदाच, हळू.

डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. वजन कमी करायचं, गुळगुळीत फरशीवर पळू द्यायचं नाही, रोज थोडं थोडं चालवायचं, दुखेल तेव्हा गोळी. पाच-सहा वर्षं मजेत काढेल. "पण हे पिल्लांत उतरू शकतं. सगळ्यांत नाही, कोणात ते आधी कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर जोडी लावली नसती. निर्णय तुमचा."

निर्णय माझा. म्हणजे पिल्लू हवं असेल तर मिळत होतं. सेठ एक्स-रे विचारणाऱ्यांतले नव्हते, उलट रक्ताच्या तपासणीचं सांगितलं तेव्हा म्हणाले होते, "काहून गा भाऊ, आपल्या पोरीवर भरोसा नाई का तुमचा?" नुसतं गप्प बसायचं होतं. दोन महिन्यांनी पह्यलं निवडून माझं. दोन दिवस मी चक्कीवर एकही गोष्ट सांगितली नाही. गिऱ्हाइकं हिला घरी येऊन विचारू लागली की माझी तब्येत बरी आहे ना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हिला म्हणालो, "कोणाला कळणार आहे?"

ती भाजी निवडत होती. "कोनाले नाई."

"मग?"

"त्या पिल्लाले कळन ना. उठतानी."

बस्स, एवढंच. पुढे तिने मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. मी निवडत बसलो, आणि निवडून होईस्तोवर माझंही ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेचं पाकीट काखेत मारून मी गांधीबागेत गेलो. दुकानात सेठ गादीवर, सेठाणी डबा घेऊन आलेल्या, नवरी कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपलेली. मी चहा घेण्याआधीच सांगून टाकलं, "सेठ, आपलं जमणार नाही. एक्स-रे चांगला आला नाही."

सेठाणींनी सेठकडे पाहिलं. सेठनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मुलगी पसंत नसली की कोणी तोंडावर सांगत नाही. "पत्रिका जुळत नाही हो," एवढाच निरोप येतो, आणि निरोप ऐकणारा समजायचं ते समजतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी तीन ठिकाणांहून पत्रिका जुळली नव्हती, त्यातल्या एकांनी तर ती मागितलीही नव्हती. पण मी स्वतः असा निरोप घेऊन आलोय हे मला समजेपर्यंत सेठचे कान लाल झाले होते.

"साफ साफ बोला," सेठ म्हणाले. "आमच्या पोरीत काय खोट हाय?"

"पोरीत नाही हो! आमच्या पोरात!"

"हाव ना. असंच म्हन्ते सारे. 'आमचंच नशीब' म्हन्ते अन् दुसरीकडं जमवते."

"रंगाचं असन," सेठाणी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "काळ्याले काळीच पायजे असन त्याइले. आधी सांगाचं होतं ना, सांबारवडी खाऊन जायच्या आधी."

मी पाकिटातून फिल्म काढली आणि दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरली. "हे पाहा! हा गोळा, हा खड्डा!"

सेठनी चष्मा लावून पाहिलं. "हे कोनाचे हाडं होय? हे तं तुमच्या सासऱ्याचे असन."

आयुष्यात पहिल्यांदा मी निव्वळ खरं बोलत होतो, एक पदक न लावता, आणि समोरचा एकही अक्षर मानायला तयार नव्हता. मी डॉक्टरांचं सांगितलं, झीज सांगितली. "म्हनजे थे बिबट्याची उडी खोटी?" सेठ म्हणाले. मी म्हणालो, खोटी. "अन् नवाबी?" खोटी. "अन् सुभेदार?"

इथे मी थांबलो. माणसाला किती नागवं व्हायचं याला काही मर्यादा? पण फिल्म हातात होती. "तेही खोटं. बिस्किटांच्या खोक्यात आणला होता."

सेठ रागाने उठलेच होते. सेठाणींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. त्या माझ्याकडे निरखून पाहत होत्या, कापडाचा पोत पाहावा तशा.

"बसा बरं तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ह्या मानसानं आजपावतर सोताच्या कुत्र्याले कधी नावं ठेवले का? मानूस कुत्र्याच्या शेपटावरची माशी बी फौजी सांगते. थो आज भर बाजारात येऊन म्हन्ते का माह्या कुत्र्यात खोट हाय. म्हनजे खरंच असन."

सेठना हा मुद्दा पटला. मला त्यात माझी अब्रू वाचली की गेली ते अजून कळलेलं नाही. चहा आला. डबाही परत उघडला. निघताना सेठनी माझ्याकडून डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला आणि आठवड्याने पोरीलाही घेऊन गेले. तिचे सांधे उत्तम निघाले, रक्तही स्वच्छ. सेठनी तिची फिल्म दुकानात देवांच्या फोटोखाली लावली. त्यानंतर जो कोणी कुत्र्याचं स्थळ घेऊन येईल त्याला ते पहिला प्रश्न विचारू लागले, "फिल्म आनली का?" दोन-तीन मंडळी रागावून परत गेली. शेवटी खाप्याहून एक स्थळ आलं, फिल्म घेऊनच.

चक्कीवर मी सगळ्यांना खरं सांगितलं. विश्वास कोणीच ठेवला नाही. एकाचं म्हणणं, मी पिल्लं दिल्लीला विकणार आहे. दुसऱ्याचं, सुभेदाराच्या घराण्याला व्यापाऱ्याची पोर हलकी पडली. शाळेच्या बाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं काका," आणि त्या दिवशी त्यांनी न सांगता मी त्यांचं दळण अगदी मैद्यासारखं काढून दिलं.

पिल्लं झाली, सात. सव्वा महिन्याने सेठाणींचा फोन आला. "भाऊ, या. सोयरीक झाली नाई तं काय झालं, एक पिल्लू तुमचं हाय. पह्यलं तुमी निवडा."

मी एकटाच गेलो. सात तुपाचे गोळे एकमेकांच्या अंगावरून चढत-उतरत होते. एक माझ्या बुटाची दोरी ओढत बसलं. मी त्याला तळहातावर घेतलं, त्याचं पोट गरम होतं, त्याने माझ्या अंगठ्याला चावून पाहिलं आणि तिथंच झोपलं. इतकं सुंदर पिल्लू मी आजवर पाहिलं नाही, आणि हे मी चक्कीवरच्या आवाजात सांगत नाहीये. बराच वेळ धरून बसलो. मग आईजवळ ठेवलं, सेठाणींना हात जोडले आणि रिकाम्या हाताने परत आलो.

ही दारातच उभी होती. तिने जुन्या चादरीची घडी करून कोपऱ्यात टाकून ठेवली होती, हे मला दिसलं.

"काहून? नाई आनलं?"

"चांगलं होतं. फार चांगलं."

"मंग?"

"त्याच्यात हा नव्हता."

ती आत वळली. मला वाटलं आता रडेल, आणि ती रडली तर मी रडणार हे नक्की, म्हणून मी चपला काढण्यात नको इतका वेळ लावला. तेवढ्यात ती आतून ओरडली, "थो हाय ना इथं पडलेला, त्याची गोळी द्या आधी. आठ वाजून गेले!"

तो चादरीवर पसरला होता, कोणासाठी टाकली होती याची चौकशी न करता. मी चतकोर भाकरी घेतली, गोळी आत दडवली, वरून दाबून गुळगुळीत केली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने भाकरी तोंडात घेतली, माझ्याकडे बघत शांतपणे चावली, गिळली, आणि गोळी जिभेच्या टोकावर आणून माझ्या पायावर ठेवली. सुभेदारसुद्धा इतक्या अदबीने हुकूम मोडू शकला नसता. हिला मी ओरडून सांगितलं की दोन फूट उंच उडवली. "हं," ती आतून म्हणाली, "म्हनजे पायावरच पडली असन. उचला अन् दह्यात द्या."

मी गोळी उचलली आणि दही आणायला उठलो. तोही उठला, आधी पुढचे पाय, मग थांबून, मग मागचे. मी त्याच्यासाठी थांबलो.